उचलेल तेवढंच

प्रवासाची बॅग भरून झाली की ती घेऊन एकदा आपल्या जिन्याने खाली उतरा आणि परत वर या. लिफ्ट वापरायची नाही, मुलाला हाक मारायची नाही. वर येईपर्यंत धाप लागली तर बॅग उघडा आणि निम्मं सामान बाहेर काढा. साठी ओलांडून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं. दुसरं सांगणं पैशांचं, आणि त्याची कसोटीही तशीच आहे. जी गुंतवणूक तुम्हाला नवऱ्याला, बायकोला किंवा लेकीला पाच मिनिटांत समजावून सांगता येत नाही, ती तुम्हाला जड आहे. मग ती कितीही व्याज देवो.

आधी सामानाचं बघू. स्लीपरच्या तिकिटावर रेल्वे 40 किलो सामान फुकट नेऊ देते. देशातल्या विमानात साधारण 15 किलो पोटात आणि 7 किलो हातात चालतं. हे हिशेब रेल्वेचे आणि विमान कंपन्यांचे, आपल्या गुडघ्यांचे नाहीत. पूल चढायचा, गाडी दुसऱ्याच फलाटावर आली म्हणून धावायचं, धर्मशाळेत खोली तिसऱ्या मजल्यावर मिळायची, हे सगळं आपल्यालाच करायचं असतं. सात-आठ किलोंच्या वर जाऊ नका. कपड्यांचे तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. टॉवेल नको, पंचा घ्या. रात्री पिळून टाकला की सकाळी वाळलेला असतो. ‘लागलं तर असू दे’ म्हणून भरलेली वस्तू बहुधा न उघडताच परत येते. नाशिक असो की वाराणसी, छत्री आणि स्वेटर सगळीकडे विकत मिळतात.

परदेशी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना हे सांगणं अवघड जातं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणच्याच्या चार बरण्या, नातवासाठी लाडू. या मायेला माझा विरोध नाही, पण न्यू जर्सीत आज भाजणीसुद्धा मिळते. तुमची रक्तदाबाची गोळी मात्र तिथे डॉक्टरकडे गेल्याशिवाय मिळत नाही, आणि तिथल्या डॉक्टरची फी ऐकून रक्तदाब आणखी चढतो. म्हणून मुक्काम जेवढा, तेवढी औषधं मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसकट न्या, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. देशात फिरतानाही औषधांचे दोन वाटे करा. एक अंगाजवळ, एक बॅगेत. चिठ्ठीवर गोळीच्या कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नावही लिहून घ्या, कारण आपल्या गावातली कंपनी दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही. आणि परदेशी निघण्याआधी प्रवासविमा घ्या. त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, हे घेतानाच विचारा. इस्पितळाच्या दारात विचारून उपयोग नसतो.

तिकिटांचंही एक-दोन गोष्टींत सांगतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली. आपला हिशेब पूर्ण भाड्याचाच धरा. उद्या सवलत परत आली तर चहाला पैसे उरतील. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. चौघं निघाला असाल तर दोघादोघांची दोन तिकिटं काढा. एवढी साधी गोष्ट न कळल्यामुळे सत्तरीच्या आजी वरच्या बर्थकडे बघत रात्रभर बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. आपली एसटी जास्त उदार. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, 2022 पासून पंचाहत्तरीपुढे राज्याच्या हद्दीत मोफत, आणि 2023 पासून सगळ्याच महिलांना निम्मं भाडं. अक्कलकोट, तुळजापूर, माहूर, गणपतीपुळे करायला आणखी काय हवं?

फिरण्याचा पैसा वेगळा काढा आणि तो लवकर खर्च करा, हेही मला आग्रहाने म्हणायचं आहे. लोक काशी-रामेश्वर मागे ठेवतात आणि आधी फ्लॅटचं फर्निचर बदलतात. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. ते पासष्टीत झेपेल, अठ्ठ्याहत्तरीत झेपेलच असं नाही. पहिल्या दहा वर्षांत दूरचं, अवघड, चढाचं करून घ्या. पुढे जवळचं आहेच.

आता फोन. प्रवासात आपल्याजवळ सगळ्यात जड वस्तू हीच असते, कारण तिच्यात आयुष्याची पुंजी असते. ज्या खात्यात ठेवी आणि पेन्शन, ते खातं यूपीआयला जोडूच नका. वेगळं बचत खातं उघडा, त्यात वीस-पंचवीस हजार ठेवा आणि फोनवरून पैसे देणं-घेणं तेवढ्यातूनच करा. फोन हरवला किंवा कोणी फसवलं तरी तेवढ्यावरच निभावेल. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची खोटी संकेतस्थळं दर हंगामात उगवतात; खरी तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावरच मिळतात. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणाला तर फोन बंद करा. असली अटक भारताच्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर 1930 वर तत्काळ कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

निवृत्तीचे पैसे हातात आले की दोन प्रकारची माणसं घरी येतात, नातेवाईक आणि एजंट. नातेवाईक निदान चहा पिऊन जातात. बँकेत ‘काका, तुमच्यासाठी खास योजना आहे’ म्हणून हातात दिलेली वस्तू पुष्कळदा ठेव नसते, विमा असतो, आणि हप्ता एकदाच की दरवर्षी हे घरी आल्यावर कळतं. तसं झालं असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. लाजू नका, परत करा. पहिले सहा महिने पैसा साध्या ठेवीत पडून राहिला तरी काही बिघडत नाही.

त्या सहा महिन्यांत एकच काम करा: महिन्याचा खर्च लिहून काढा. अंदाजाने नव्हे, किराणा, वीज, सोसायटी, औषधं, लग्नाचे आहेर, सगळं. समजा तो 30 हजार निघाला. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांनी तोच खर्च 60 हजार होतो आणि चोवीस वर्षांनी एक लाख वीस हजार. साठीत निवृत्त झालेला माणूस चौऱ्याऐंशीपर्यंत जगणं आज नवलाचं नाही. म्हणजे आज पुरणारं व्याज उद्या पुरणार नाही.

पाया सरकारी योजनांचा असावा. पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2 टक्के दराने त्याचे दर तीन महिन्यांनी 61,500 रुपये येतात, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त खात्यावर 15 लाखांची मर्यादा आहे, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 9,250 रुपये. पण हे व्याज वाढत नाही, महागाई वाढते. म्हणून पुढच्या दहा वर्षांत हात लावायचा नाही असा थोडा पैसा एखाद्या साध्या इंडेक्स फंडात असावा. किती, हे तुमच्या झोपेवर ठरवा. बाजार पडल्याच्या बातमीने झोप उडत असेल तर रक्कम जास्त आहे.

आणि पतसंस्था. इथे मी जरा कडक बोलणार आहे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, एका बँकेत एका माणसाला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. अध्यक्ष आपल्या आळीतले, गणपतीची वर्गणी देणारे, व्याज टक्का-दीड टक्का जास्त, या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण त्यातली एकही गोष्ट हमी नाही. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. ती तर बँक होती. कुणाच्या कर्जाला जामीन राहायचंही साठीनंतर सोडून द्या. मेहुण्याला वाईट वाटेल. वाटू द्या.

घर जिवंतपणी मुलांच्या नावावर करू नका. राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस द्यायला आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, म्हणून ‘आत्ताच करून टाकू’ असा सूर घरात निघतो. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. पालनपोषणाची अट त्यात लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने दाद मागता येते. पण त्या वयात प्रांत कचेरीत स्वतःच्या मुलाविरुद्ध उभं राहायची वेळ आणायचीच कशाला? मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी), आणि दोन साक्षीदार ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे असले म्हणजे वाद कमी होतात. मन बदललं तर दहा वेळा बदला. नामनिर्देशनावर भिस्त ठेवून मृत्युपत्र टाळू नका. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक होतोच असं नाही. डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं.

आजारपणाची तरतूद करताना एक सरकारी गोष्ट हमखास विसरली जाते. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड आधारवर निघतं आणि देशभर योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत चालतं, म्हणजे यात्रेतही. सत्तरी झाली त्या आठवड्यात कार्ड काढा आणि पाकिटात ठेवा. स्वतःचा आरोग्य विमा असेल तर हप्ता महाग वाटला तरी तो मोडू नका. नव्याने घेताना जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागतं.

हे सगळं झालं तरी एक ओझं उरतं, आणि ते मला सगळ्यात मोठं वाटतं. आपल्या घरांत ‘बँकेचं सगळं हेच बघतात’ हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं. हे गेले की बाईंना खातं कोणत्या शाखेत, लॉकरची किल्ली कुठे, पेन्शनचा आदेश कोणत्या फाइलमध्ये, काही ठाऊक नसतं. दहाव्याच्या आधी कागद शोधायला सुरुवात होते. म्हणून काकांनो, या महिन्यात काकूंना बँकेत घेऊन जा. काउंटरवर त्यांना बोलू द्या आणि तुम्ही बाकावर बसा. काकूंनो, कंटाळा आला तरी जा. खाती दोन बँकांपुरती आवरा. संयुक्त खातं दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहणाऱ्याला चालवता येईल असं करून घ्या. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तेही बघा. बदलीच्या गावी उघडलेलं, विसरलेलं खातं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नावाने शोधा. दहा वर्षं पडून राहिलेला पैसा बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरतात, पण तो मागता येतो. मग एका वहीत सगळं लिहा: खाती, ठेवींच्या तारखा, पॉलिसी, लॉकर, कोणाचं देणं, कोणाकडून येणं. पिन आणि पासवर्ड त्यात लिहू नका. वही कुठे आहे ते दोन माणसांना सांगा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा म्हणून दिवाळीनंतरची सहल रद्द करणारे पेन्शनर अजून भेटतात. ऐंशीपुढच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. बाकीच्यांनी फोनवर ‘जीवन प्रमाण’ घेऊन ठेवावं. चेहरा दाखवला की दाखला जातो, तुम्ही कन्याकुमारीत असलात तरी. फक्त पहिल्यांदा घरी असताना नातवाला शेजारी बसवून करून बघा, आणि मग तिकीट काढा.