रोपाचं वय कुणी विचारत नाही

भाताचा उतारा घटला की सगळे बियाण्याला दोष देतात. मग पुढच्या साली दुसरी जात, आणखी एक गोणी युरिया, एखादी बाटली. रोप किती दिवसांचं लावलं, किती अंतरावर लावलं, हे कुणी विचारत नाही. विचारणार कोण? वेळ आणि दोरी दुकानात विकता येत नाही.

आमच्या पाटसला भात नाही. इथं ऊस, कांदा आणि कालव्याच्या पाळीची वाट. पण बहीण मुळशीत दिलेली, म्हणून कैक वर्षं आवणीला जातोय. कांदेकऱ्याला रोपाचं वय शिकवावं लागत नाही. पाळी लांबली, रोप वाफ्यातच जून झालं, की पुढं डेंगळे निघतात. भातातही जून रोपाचा तोटा होतोच, पण तो असा डोळ्यांवर येत नाही.

भाताचं रोप चार पानांवर आलं की खालच्या पेरातनं फुटवे निघायला लागतात. त्या वेळी त्याला जागा पाहिजे. दाढीत दाटीनं सव्वा-दीड महिना उभं राहिलं की हे पहिले फुटवे बुडतात, आणि मागून आलेल्यांच्या लोंब्या नीट भरत नाहीत. म्हणून २१ ते २५ दिवसांचं रोप, चुडात दोन-तीन काड्या, वरवर लावलेल्या. आपण काय करतो? आठ-दहा काड्यांची मूठ चिखलात खोल खुपसतो. एका ताटात दहा जेवणारे बसवले तर पोट कुणाचं भरणार?

हे नवं नाही. डॉ. नारायण सावंतांनी चारसूत्रीत १५ आणि २५ सेंटिमीटरचं आलटून पालटून अंतर सांगितलं. चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. तिकडं मादागास्करला १९८३ साली फादर लोलानिए यांनी १५ दिवसांचं रोप एकेक करून लावलं आणि फुटवे बघून चकित झाले.

मग साहेब म्हणतात, शेतकरी ऐकत नाही. अहो, पाऊस तारीख पाळतो का? आणि आवण एकरावर उक्ती दिली की बायका दोरी कशाला धरतील? जेवढं लवकर उरकेल तेवढा रोज पदरात पडतो. दोष त्यांचा नाही, आपल्या हिशेबाचा आहे.

दाढ आठ-दहा दिवसांच्या फरकानं दोनदा टाका. पाऊस चुकला तरी एक रोप वयात सापडतं. रोप जून झालंच तर अंतर कमी करा, काड्या वाढवा. जून रोप लांब लावून फुटव्यांची वाट बघू नका. दोरीनं लावणाऱ्या बाईला रोज जास्त द्या. लांब अंतरात तण माजतं, तेव्हा कोळपणीचाही पैसा आधीच धरा.

खताच्या गोणीला मोजताना आपला हात आखडत नाही. वाकून नीट लावणाऱ्या बाईला देतानाच तो का आखडतो?