प्रेषित नको, मार्गदाता हवा

बीडच्या ऊसतोड वस्त्यांवर अंगात येणारे बुवा आणि हात ठेवून रोग बरा करणारे प्रचारक कसे काय टिकतात, असे शहरातले शहाणे हसत विचारतात. आम्ही विचारतो, तिथे दवाखाना कोणत्या रूपात पोहोचला? 2019 मध्ये सरकारी समितीने याच जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. अशी बाई उद्या मांत्रिकाच्या दारात गेली, तर दोष एकट्या तिच्या अंधश्रद्धेचा कसा?

गरिबांचा प्रत्येक प्रेषित भोंदू नसतो. बिरसा मुंडा मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती शिकवण आणि मुंडांची श्रद्धा एकत्र करून 1895 मध्ये ते देवाचा दूत म्हणून उभे राहिले. आपल्याकडे तळोद्याजवळ मोरवडला 1937-38 मध्ये गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला आणि एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवले. ज्यांना सारे अरे-तुरे करत, ते एकमेकांना 'आप' म्हणू लागले. हा स्वाभिमान आम्ही नाकारत नाही.

पण गुलाम महाराज 1938 मध्येच वारले. बिरसा 9 जून 1900 रोजी रांचीच्या तुरुंगात गेले. त्यांच्या लोकांच्या जमिनीला 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्याचे संरक्षण मिळाले, ते उलगुलानच्या लढ्यामुळे. चमत्कारावरच्या श्रद्धेमुळे नव्हे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते सांगतात की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही आणि आपल्याच धम्मात त्याने स्वतःसाठी जागा ठेवली नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो, असा इशारा दिला.

आणि आज? त्याच बाबासाहेबांच्या फोटोपुढे नारळ फोडणारे, नवस बोलणारे आपल्याच वस्तीत आहेत. महामानवाचा देव केला की त्याचे ऐकावे लागत नाही, फक्त हात जोडले की भागते!

तरुण मित्रांनो, भोंदू लुबाडत असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वापरा. पण तेवढ्यावर थांबू नका. आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, याचा जाब विचारा. मुकादमाच्या उचलीचा हिशेब मागा. हे प्रश्न सुटले नाहीत, तर एका बुवाच्या जागी दुसरा येईल.

जयभीम!