मार खाणाऱ्याची बाजू

“मार खायला अक्कल कशाला लागते?” हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात मी तीनदा ऐकला, आणि तिन्ही वेळा विचारणारे गृहस्थ गावात शहाणे म्हणून ओळखले जाणारे होते. प्रश्न होता संगणकावरच्या खेळांतल्या ‘टँक’विषयी. दिवाळी अंकात हा विषय पाहून काही वाचक कपाळाला आठ्या घालतील. पण ज्या घरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरी चकलीच्या हाताने कळफलक तेलकट होतोच आहे. तेव्हा तो काय खेळतो, हे वडीलधाऱ्यांनी एकदा समजून घ्यायला हरकत नाही.

टँक म्हटले की आमच्या गुंजवण्यात पाण्याची टाकी आठवते. येथे अर्थ आहे रणगाडा. २००४ साली निघालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ घ्या. देशोदेशीचे पाच अनोळखी लोक एकत्र जमतात आणि राक्षसांनी भरलेल्या गुहेत शिरतात. त्यांत तिघे मार देणारे, एक जखमा भरून काढणारा (मुले त्याला ‘हीलर’ म्हणतात) आणि एक टँक. टँकच्या अंगावर चिलखत असते, बहुधा हाती ढालही. त्याचा स्वतःचा वार बेताचाच. त्याने पुढे चालायचे आणि सगळे घाव आपल्या अंगावर घ्यायचे.

आता अकलेचे पाहू. राक्षसाने नेमके यालाच का मारावे? शेजारी नाजूक अंगाचा मांत्रिक उभा आहे, त्याला का नाही? कारण त्या राक्षसाच्या पोटात एक खातेवही असते. कोणी किती घाव घातला, कोणी कोणाची जखम भरली, हे सारे तीत मांडलेले असते. ज्याच्या नावावर राग सर्वांत जास्त, त्याच्यावर तो धावतो. तो राग आपल्या खात्यावर जमा करून घेणे, हाच टँकचा धंदा. तो शत्रूला डिवचतो, त्याचे तोंड सोबत्यांकडून फिरवून भिंतीकडे करतो, आणि मोठा घाव कधी येणार हे ओळखून आपली ठेवणीतली ढाल तेवढ्यासाठी राखून ठेवतो. सर्वांच्या पुढे तोच असल्यामुळे वाटही त्यालाच पाठ हवी. तीन मार देणाऱ्यांपैकी एकाला काही येत नसले तर उरलेले दोघे ते झाकून नेतात. टँकला येत नसले तर पाचही जण आडवे होतात, आणि ते कोणामुळे हे चौघांना दिसते.

पुण्याहून सुटीला आलेल्या माझ्या पुतण्याच्या खुर्चीमागे मी दोन संध्याकाळी बसून होतो. तो टँक होतो. मी पाहिले ते असे: मार देणाऱ्यांपैकी एकाला दम निघत नाही. टँक अजून चार पावले मागे असताना तो बाण सोडतो. राक्षस अर्थातच त्याच्यावर उलटतो आणि त्याला लोळवतो. मग हा वीर टँकला शिव्या देतो आणि खेळ सोडून चालता होतो! वीस वर्षे शाळेत काढली. वात्रट पोरांनी भिंतींवर लिहिलेले पुष्कळ वाचले. पण त्या शिव्या मला फळ्यावर लिहिता यायच्या नाहीत. आठ फेऱ्यांत एकदाच कोणी आभार मानले. तो हीलर होता.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. टँक मिळेनासे झाले. २००९ साली अनोळखी खेळाडूंना आपोआप एकत्र जुळवण्याची सोय खेळात आली, तेव्हा टँकला लगेच जागा मिळे आणि मार देणारे रांगेत ताटकळत. २०११ साली कंपनीने उपाय काढला: ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्याला एक जादा थैली बक्षीस. ती थैली बहुतेक टँकच्याच वाट्याला येई. माझे म्हणणे असे की हे निदानच चुकीचे होते. माणसे टँक होत नाहीत ती मोबदला कमी म्हणून नव्हे. आपली चूक चारचौघांत दिसते आणि दुसऱ्याची चूकही आपल्याच नावावर पडते, म्हणून. थैलीने शिवी पुसली जात नाही.

हे दुखणे कसे हाताळावे, हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. गुंजवणे राजगडाच्या पायथ्याशी. शेजारी भोरकडचे हिरडस मावळ. तिथले बांदल आणि त्यांचे बाजीप्रभू देशपांडे यांनी जुलै १६६० मध्ये घोडखिंड धरली. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले महाराज विशाळगडाकडे निघाले होते. खिंडीतल्या माणसांना शत्रूचा पराभव करायचा नव्हता. त्याची सारी दृष्टी, सारा संताप गडावरून तोफ ऐकू येईपर्यंत आपल्यावर खिळवून ठेवायचा होता. बाजीप्रभू पुन्हा उठले नाहीत, आणि पुतण्याचा वीर अर्ध्या मिनिटात उठतो, हे मलाही कळते. तुलना मरणाची नाही, कामाची आहे. आणि त्या कामाची किंमत कशी केली? आमच्या मावळात सांगतात की तलवारीच्या पहिल्या पानाचा मान कारीच्या जेध्यांचा होता. खिंडीनंतर तो बांदलांना दिला गेला, आणि जेध्यांनी तो सोडला. थैली नव्हे, मान; तोही भर दरबारात, सर्वांच्या देखत.

त्याच मावळातले आम्ही बाजीप्रभूंच्या नावाने छाती फुगवतो आणि घरातल्या पोराला “मार खाणारा” म्हणून हसतो. गोविंदा पथकातल्या खालच्या थराचे खांदे सोलून निघतात, छायाचित्र छापून येते वरच्या चिमुरड्याचे. एसटी उशिरा आली की शिव्या वाहकाला. वेळापत्रक त्याने केलेले नसते. पुतण्याला जागरणाबद्दल मी बोललो आणि पुढेही बोलेन. भूमिकेबद्दल कोणी बोलायचे नाही.

कंपनीला माझी एक सूचना आहे. थैल्या वाटण्यापेक्षा नियम करा: ज्याला मार देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे आहे, त्याने आधी पाच फेऱ्या पुढे चालून मार खावा. रांग तुटेल आणि भाषाही सुधारेल. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, दोन पुरे. पाच केल्यात तर खेळायला कोणी उरणार नाही.”