आधीं काडतूस, मग बंदूक

घोडा घेणारा शहाणा मनुष्य आधीं चंदीचा हिशेब करितो. रायफल घेणारे आमचे गृहस्थ मात्र आधीं दस्त्याची चकाकी पाहतात. तींत काय घालावयाचें व ती कोठें चालवावयाची, हा प्रश्न त्यांस घरीं आल्यावर सुचतो. २०१० सालीं म्युनिक येथें तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत स्वप्निल कुसाळे यांनीं कांस्यपदक मिळविलें. कोल्हापूरच्या ह्या दोघांचें यश पाहून आपल्या मुलामुलींनींही नेमबाजी शिकावी असें अनेकांस वाटतें. ही इच्छा स्तुत्यच होय; पण चुकीच्या खरेदीनें पैसा जातो व मुलांची हौसही मरते, म्हणून चार शब्द लिहिणें अवश्य आहे.

नवशिक्यानें दहा मीटरच्या हवाई रायफलीपासून आरंभ करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिला ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा लागतो. दारू लागत नाहीं व खांद्यास धक्काही फारसा बसत नाहीं. चपट्या तोंडाचा छर्रा कागदास स्वच्छ भोंक पाडितो, त्यामुळें गुण मोजतांना वाद राहत नाहीं. 'जोरदार' बंदूक मागणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, स्पर्धेची रायफल सुमारें ७.५ जूल एवढ्याच शक्तीनें छर्रा सोडते, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो! तेथें जोराचें काम नाहीं, स्थिर हाताचें आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटर व २० जूल ह्या मर्यादेंतील हवाई बंदुकीस परवानाही लागत नाहीं.

हात बसल्यावर पन्नास मीटरसाठीं पॉइंट टू टू रायफल घ्यावी. तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना हवा, आणि काडतुसेंही त्यावरच मिळतात. ह्या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेंत असतो. तें पुन्हां भरतां येत नाहीं, म्हणून प्रत्येक बार हा नवा खर्च होय. येथेंही वेगाचा मोह नडतो. ध्वनीहून जलद सुटलेली गोळी वाटेंत मंदावून ध्वनीच्या वेगाखालीं येतांना डळमळते. यास्तव स्पर्धेचीं काडतुसें मुद्दामच त्याहून मंद ठेवितात. शिवाय प्रत्येक नळीची आवड निराळी! एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतील मालही एका नळींतून सारखा चालेल असा नेम नाहीं. तेव्हां निरनिराळ्या घाण्यांचीं थोडथोडीं काडतुसें झाडून पाहावीं, व ज्यांच्या गोळ्या जवळजवळ लागतील त्यांचाच सांठा करावा. धान्याचा वानवळा पाहिल्यावांचून पोतें न घेणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हें अधिक सांगावयास नको.

याहून मोठ्या बोअरची रायफल हौसेसाठीं घेणें म्हणजे निव्वळ डौल. तिला लांब चांदमारी लागते, आणि तिच्या धक्क्यानें नवशिक्या चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटूं लागतो.

राहिला पैशाचा प्रश्न. घरोघर एक एक रायफल कपाटांत गंजत ठेवण्यापेक्षां गांवच्या तालमींनीं व शाळांनीं वर्गणी काढून दोन-तीन चांगल्या हवाई रायफली व एक जाणता शिक्षक ठेवावा, आणि त्यांवर कारकुनाच्या मुलीचा हक्क शेटजींच्या मुलाइतकाच असावा. नेम कोणाचा चांगला, हें कागदावरील भोंकें सांगतील. त्यांस बापाची तिजोरी दिसत नाहीं.