काखेतील नळी आणि घरातील वैयावृत्त्य

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेली श्राविका पुष्कळदा एका गोष्टीने संकोचते. काखेखालून निघालेली बारीक नळी आणि तिच्या टोकाची प्लॅस्टिकची लहान बाटली ती पदराआड झाकून ठेवते. नळीतून द्रव येतो, म्हणजे जखम बिघडली, अशी शंका घरातही बळावते. ही शंका निराधार आहे.

काखेतील लसिका ग्रंथी काढताना त्यांना जोडलेल्या सूक्ष्म वाहिन्या तुटतात. त्यांतून पाझरणारा द्रव मोकळ्या झालेल्या जागेत साचू लागतो. दाबून बंद केलेली बाटली तो हलकेच ओढून घेते. त्यामुळे त्वचा आतील भागाला चिकटते व जखम भरून येते. तपासणीसाठी एक-दोनच ग्रंथी काढल्या असतील, तर बहुधा नळीची गरज पडत नाही.

द्रव आरंभी लालसर, मग गुलाबी आणि पुढे फिकट पिवळा होतो. दररोज ठरलेल्या वेळी, हात स्वच्छ धुऊन, द्रव मोजावा, आकडा वहीत लिहावा आणि बाटली पुन्हा दाबूनच बंद करावी. 24 तासांतील द्रव साधारणतः 20 ते 30 मिलिलिटरहून कमी झाला, की शल्यचिकित्सक नळी काढण्याचा विचार करतात. दिवस किती झाले, यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. नळी काढल्यावर पुन्हा फुगवटा आला, तर तो दाखवावा. आवश्यक वाटल्यास साचलेला द्रव सुईने काढता येतो.

मात्र ताप, वाढती लाली वा वेदना, दुर्गंध, बाटलीत एकाएकी ताजे रक्त, अथवा द्रव अचानक थांबून आलेली सूज, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या काळात पर्युषण वा दशलक्षण पर्व आले, तर उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. जखम भरण्यास प्रथिने लागतात. डाळी, दूध, पनीर आहारात असावेत. बाह्य तप झाले नाही, याची खंत रुग्णाने बाळगू नये. स्वाध्याय आणि ध्यान हीही तपेच आहेत. सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्याचीही गणना होते. पती, सून वा कन्या न किळसता ती बाटली रिकामी करते आणि वहीत आकडा लिहिते, तेव्हा त्या घरी तेच तप घडत असते.