चौथी तार

पंख्याचा आवाज स्टीव्ह जॉब्झ यांना खपत नसे. म्हणून १९८० साली आलेल्या ॲपल-३ या संगणकाला त्यांनी पंखाच बसवू दिला नाही. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून उष्णता निघून जाईल, असा हिशेब होता. यंत्रे तापली, चिपा खोबणीतून सैल होऊ लागल्या आणि त्या मॉडेलचे नाव कायमचे खराब झाले. पुढच्याच वर्षी आलेल्या आयबीएम पीसीत पंखा होता, पण तो वीजपुरवठ्याच्या डब्यात एकसारखा घोंघावत राही.

पेंटियमच्या काळात प्रोसेसरच्या डोक्यावरही पंखा आला. त्याच्या जोडणीला तीन पिना: एक ग्राउंड, एक १२ व्होल्टची, तिसरी वेगाची खबर देणारी, एका फेरीला दोन ठोके. पंखा बोलू लागला, पण ऐकत नव्हता. वेग उतरवायचा तर व्होल्टेज उतरवावे लागे आणि ते फार उतरले की पंखा जागचा हलत नसे. हौशी मंडळी १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये पंखा जोडून ७ व्होल्ट मिळवत. हा जुगाड चाले खरा, पण ५ व्होल्टची बाजू वीज देण्यासाठी असते, घेण्यासाठी नव्हे.

२००४मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट हा प्रोसेसर भट्टीसारखा तापत होता. त्याच सुमारास इंटेलने चार तारांच्या पंख्याचे मानक पुढे आणले. १२ व्होल्ट कायम ठेवायचे आणि वेगाचा हुकूम चौथ्या तारेतून द्यायचा, सेकंदाला सुमारे २५ हजार स्पंदनांनी, म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. खरे शहाणपण पुढे आहे. हुकूम आलाच नाही, तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. शिवाय जुना तीन पिनांचा पंखा नव्या जागी बसतो, नवा जुन्या जागी. प्रोसेसरची सॉकेटे कितीदा बदलली. ही जोडणी वीस वर्षे टिकली.

आज तिला धोका आहे तो पंख्यांवरच्या दिव्यांच्या हौसेचा. काही कंपन्यांनी पंखे, दिवे आणि हब आपल्याच खास प्लगात बांधले आहेत. त्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय वेग धड बदलता येत नाही आणि ते सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते. ५ व्होल्टचे दिवे चुकून १२ व्होल्टला जोडले की जळतात, ते वेगळेच. रोषणाई कंपन्यांनी हवी तशी करावी. वेगाची तार मात्र मदरबोर्डवरच यायला हवी, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीही बायोस पंख्याला आवरू शकेल.