जॅझचीं हौशी छायाचित्रें

मुंबईंत १९३० नंतर ताजमहाल हॉटेलांत जॅझ रंगूं लागलें. तें वाजविणारे पुष्कळसे वादक गोमंतकीय होते. पुढें चित्रपटसंगीतहि त्यांनीं सजविलें. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत दिसले तरी. इतर बहुतेकांचीं नांवेंहि पडद्यावर आलीं नाहींत. म्हणून जॅझरसिकांच्या मेळ्यांत हौशी हातानें टिपलेलें अस्पष्ट छायाचित्रहि आम्हांस दस्तऐवजाइतकें मोलाचें वाटतें. मात्र तें पेटींत वा मोबाईलांत न कोंडतां, वादकाचें नांव, स्थळ व साल लिहून सर्वांस वांटलें पाहिजे. आमच्या भंडारा जिल्ह्यांत मंडईच्या दंडारीला साथ करणाऱ्याचें नांव तरी कोण लिहून ठेवितो? विद्यार्थ्यांनीं हें काम हातीं घ्यावें, आणि पहिली प्रत त्या वादकासच द्यावी.